पन्नासावा तास

साकीनाका, गाळा नंबर सतरा.
पत्र्यांवरून दर तीन मिनिटांनी एक विमान उतरणीला लागतं
आणि आमचं बोलणं अर्ध्यात तुटतं.
तुस्कानो मात्र वाक्य हवेतच धरून ठेवतात,
आवाज ओसरला की नेमके तिथूनच पुढे:
"...तर पिस्टन म्हणजे, प्रफुल्ला, जन्मभर उठाबशा.
वर जा, थांब. खाली ये, थांब.
आणि दर थांबण्याचा हिसका विमानाच्या हाडांना."

टेबलावरचं त्यांचं इंजिन उठाबशा काढत नाही.
आंब्याच्या पेटीत मावेल एवढं,
वजनाला भरला गॅस सिलिंडर.
आत भुईमुगाच्या शेंगेसारखी, कमरेत दबलेली पोकळी,
तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण
तिरक्या चालीनं फिरतो.
ओढ, दाब, पेट, सोड.
तिन्ही बाजू एकाच वेळी वेगवेगळ्या कामात,
त्याचा एक फेरा होईतो दांड्याचे तीन झालेले.

दोष झाकत नाहीत ते.
धुराडं लालबुंद होतं, पेट्रोल दाबून लागतं, वर तेलही.
"पिणारा आहे," म्हणतात, "पण झिंगत नाही."

माझं काम टोकांचं.
तीन टोकांना तीन पट्ट्या, लांबीला माझं मधलं बोट,
जाडीला दोन मिलिमीटर.
सगळी आग त्यांनीच अडवायची.
सैल झाली तर दाब पळतो, आवळली तर भिंत सोलते.
शेवटचे दोन मायक्रॉन मी ग्राइंडरवर
श्वास धरून काढते,
सासूबाई वारल्या त्या आठवड्यातसुद्धा काढले.

पन्नास तास न कुरकुरता चाललं
तर जुहूच्या हँगरमधल्या दोन खुर्च्यांच्या विमानाला बसवायचं.
मेहेरनोश उडवणार.
"तुम्ही नाही?"
"छे! मला शिडीवरसुद्धा गरगरतं."

त्रेचाळिसाव्या तासाला सूर बदलला.
खोललं. तुस्कानोंनी आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं,
म्हणाले, रेघा आहेत.
मी चष्मा लावला, बॅटरी धरली.
होत्या.
ओहोटीनं ओल्या वाळूवर सोडाव्यात तशा,
एकीला लागून एक.
ज्या बोटाला त्या कळल्या
ते बोट दोन वर्षांपासून थरथरतंय.
त्यांचा कप अर्धाच भरायचा, हे गाळ्यात सगळ्यांना ठाऊक,
चहावाल्या पोरालाही.
बोलत कोणी नाही.

भिंतीला नवा मुलामा, पट्ट्यांना दुसरं ओतीव.
पुन्हा शून्यापासून.
वरचे जरीवाले भांडायला आले,
सुया हलतात म्हणाले. हलत नव्हत्या,
आवाजानंच त्यांना तसं वाटायचं.

पन्नासाव्या तासाला त्यांनी खिशातून
पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं काढलं.
माझ्या हातावर ठेवलं. "तू उभं कर."
का, ते मी विचारलं नाही.
सहा हजार फेरे, धुराड्याजवळची हवा विरघळल्यासारखी,
आणि धातूच्या सपाट पाठीवर नाणं कडेवर उभं.
वरून विमान गेलं, पत्रे थडथडले,
टेबलावरचे पाने किणकिणले.
नाणं नाही.

मग तुस्कानोंनी हात पुढे नेला,
मी म्हटलं, भाजेल, पण नेलाच,
आणि नाण्याशेजारी तळवा टेकवला.
हात थरथरत होता.
इंजिन नव्हतं.
किती वेळ ते तसेच उभे होते, वहीत नोंद नाही.

बंद करताना कुठलंही इंजिन एकदा अंग झाडतं.
यानंही झाडलं. नाणं पडलं, घरंगळत
माझ्या ग्राइंडरखालच्या काळ्या गाळात गेलं.
वहीत मी लिहिलं: पन्नास तास, अकरा मिनिटं.
खाली त्यांची सही, वाकडी, ओळ सोडून गेलेली.

जुहूहून परवा मेहेरनोशचा फोन आला,
वाऱ्यात अर्धं काही कळलं नाही.
तुस्कानो "बरं, बरं" म्हणत राहिले,
मग फोन ठेवून मला म्हणाले,
पुढच्या संचाच्या पट्ट्या कधी देतेस?